शेवरीचा सोमवार

यंदा मृग कोरडा गेला. आर्द्राही तशाच चालल्या आहेत. सकाळी अंगणात येऊन वर बघते, तर आभाळ घासून पालथ्या घातलेल्या परातीसारखं लख्ख. कुठं एक डाग नाही. स्वच्छ आभाळ सुंदर दिसतं म्हणणाऱ्यांनी आमच्या देवणीकडं येऊन असा एक आषाढ काढावा. आमच्याकडं आभाळ मळकट असलं तरच देखणं.

असं आभाळ दिसलं की माझ्या नाकात गोणपाटाचा वास भरतो. नुसत्या गोणपाटाचा नाही. त्यात तापलेल्या पत्र्याचा वास असतो, करडीच्या तेलाचा असतो, आणि सगळ्यांच्या तळाशी जनावराच्या कोरड्या, उष्ण श्वासाचा. इतकी वर्षं झाली. तोंडाची चव गेली, चष्म्याचा नंबर वाढला, पण नाक काही विसरायला तयार नाही.

परवा सुनेनं गोठ्याशेजारची पत्र्याची खोली झाडायला काढली. डोक्याला फडकं बांधून आत शिरली आणि थोड्या वेळानं दारात येऊन म्हणाली, "अव्वा, हे कशाचं चाक हाय हो?"

हातात बाभळीचं जड चाक, कडेला खाच. कण्याला वाकळीची एक पट्टी गुंडाळलेली. मूळचा रंग कुठला ते आता मलाच सांगता आलं असतं.

"मोटेचं," मी म्हणाले.

"मग ह्याला हे चिंधूक कशाला बांधलंय? टाकून देऊ का? वाळवी लागायलीय."

"राहू दे. बघू नंतर."

असं म्हणून मी ओट्यावर बसले, ती दुपार टळेपर्यंत बसलेच. सुनेनं दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा मुकाट्यानं ताट आणून शेजारी ठेवलं. शहाणी आहे.

तो आमच्या लातूर जिल्ह्याच्या नवेपणाचा काळ. तोवर आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले. मग एके दिवशी लातूर जिल्हा झाला आणि कागदांवरचा आमचा पत्ता बदलला. उदगीरच्या बाजारात माणसं नव्या जावयाबद्दल बोलावं तसं नव्या जिल्ह्याबद्दल बोलायची. आता कचेरी जवळ आली, आता कामं पटापट होतील. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे, ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "जिल्हा आला जवळ, पण पाणी गेलं की लांब. एकाला बोलवायला गेलं की दुसरं रुसतंय."

पाणी खरंच गेलं होतं. लागोपाठ दुसरं साल. मळ्यातल्या विहिरीचा तळ उघडा पडला होता. मोट जाऊन इंजिन आलं होतं, आता तेही खोक्यात मुकं बसलेलं. परसातल्या आडात घागर सोडली की दगडावर ठणकन वाजायची. तो आवाज मला अजून ऐकवत नाही, स्टीलची घागर फरशीवर आपटली तरी दचकते. गावातले हातपाय धड असलेले पुरुष कामावर गेलेले. कुणी पाझर तलावावर माती उचलायला, कुणी खडी फोडायला, कुणी थेट लातूरला. तिथं नव्या कचेऱ्यांची बांधकामं निघाली होती. माझे मालकही तिथंच, महिन्यातून एकदा येणार. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात मी आणि मामा.

लग्नाला वर्ष व्हायचं होतं. मामांशी मी बोलत नसे. म्हणजे भांडण नव्हतं हो, रीतच तशी. डोक्यावरून पदर, नजर खाली, भाकरी वाढायची आणि बाजूला व्हायचं. ते म्हणायचे, "मीठ आन." मी आणायची. एवढाच आमचा संवाद.

मी बोलायची ती शेवरीशी.

शेवरी माझी गाय. देगलूरकडच्या माझ्या माहेरून, आंदण म्हणून आलेली. पांढऱ्या अंगावर काळे वेडेवाकडे डाग असले की त्या देवणी जनावराला आमच्याकडं शेवरा म्हणतात, तिचं नाव त्यावरूनच पडलं. वरातीच्या गाडीमागं दोन मुक्काम चालत ती माझ्याबरोबर सासरी आली. मी गाडीत रडत होते आणि मागं वळून बघितलं की ती मान हलवत येताना दिसायची. सासरच्या वेशीतून आत शिरताना माझ्या ओळखीचं दुसरं कुणी नव्हतं. ह्यापेक्षा जास्त काय सांगू?

दुष्काळात जनावर एकदम मरत नाही. आधी ते बसतं. पोटात नसतं, म्हणून बसल्यावर उठायची ताकद राहत नाही, आणि उठलं नाही की संपलं. म्हणून बसलेलं जनावर रोज उभं करावं लागतं. चार गडी लागतात. पोटाखालून दोन वासे घालायचे, दोन्हीकडून खांदे द्यायचे आणि एका दमात वर. त्या उन्हाळ्यात सकाळ झाली की गल्लीगल्लीतून "हां, उचला... हां!" असा आवाज यायचा. मग पुरुष कामावर गेले आणि तो आवाज थांबला. तो थांबला ह्याचा अर्थ सगळ्या गावाला कळत होता.

वैशाखात शेवरी बसली. मी आणि शेजारच्या खैरुनबी, दोघींनी वासा घालून बघितला. खैरुनबींचा नवरा खडी फोडायला गेलेला. त्या माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, हाताला जोर होता, तोंडाला त्याहून जास्त. आम्ही खांदे लावले. शेवरी वीतभर उचलली गेली आणि आमच्याच अंगावर कलली. खैरुनबी शेणात बसल्या. बसल्याबसल्या म्हणाल्या, "ले, हिला उठवायला आले अन् मीच बसले. अब मुझे कौन उठाता?"

हसायचं सोडून मी रडायला लागले. पदराचं भान राहिलं नाही. मागं मामा उभे होते ते मला दिसलेच नाहीत.

मामा जातीनं सुतार नव्हते, शेतकरी. पण हात सुताराचा. ही पत्र्याची खोली तेव्हा त्यांची. वाकस, पटाशी, करवत, गिरमिट सगळं भिंतीला खिळ्यावर टांगलेलं. गाव ह्या खोलीला 'मामांचा कारखाना' म्हणायचं. कुणीही येता-जाता विचारायचं, "काय मामा, काय नवं काढायलात कारखान्यात?" मामांनी एकदा उंदराचा सापळा केला होता. त्यात पहिल्याच रात्री त्यांच्याच पायाचा अंगठा सापडला. ते सगळ्या गावाला पाठ होतं.

मला रडताना बघून ते वळले. कारखान्यात गेले. थोड्या वेळानं आतून हाक आली, "पोरी, हिकडं ये. हे धर."

त्यांनी पहिल्यांदा मला 'पोरी' म्हटलं ते तेव्हा.

पुढचे चार दिवस आम्ही दोघं त्या पत्र्याखाली होतो. मामा मधूनच उठून वासा लावून शेवरीची कूस पालटून यायचे; का, ते मी विचारलं नाही. बाहेर ऊन, आत भट्टी. मामांच्या डोक्यात सगळं तयार होतं. तीन मजबूत वाशांचं तिकाटणं करायचं, टोकाला मोटेचं जुनं चाक टांगायचं. परसातल्या आडावरचा रहाट काढून आणायचा. आडात पाणी नाही, रहाटाला तरी काय काम आहे? तो खाली दोन खुंटांवर बसवायचा. रहाटावरून मोटेचा नाडा, तो जाड दोर, चाकावर, आणि चाकावरून खाली शेवरीच्या पोटाखालच्या झोळीला. रहाट फिरवला की नाडा गुंडाळला जाईल, झोळी वर येईल. रहाटाला खुंटी घातली की तिथंच थांबेल. चार गड्यांचं काम दोन बायका करतील.

"दोन बायका, हां," ते मला बजावून म्हणाले. "गड्यांची वाट बघायची न्हाई. आता गडी हायत कुठं?"

झोळी शिवायचं काम माझं. दुहेरी गोणपाट, दाभण आणि सुतळी. बोटांना भोकं पडली. शिवून झाल्यावर मी त्यावरून हात फिरवला, तर खरबरीत. शेवरीची कातडी हाडाला चिकटलेली, हे घासलं तर सोलून निघेल. मी घरात गेले, आईनं लग्नात दिलेली वाकळ आणली आणि झोळीच्या आतून टाचायला बसले. आईच्या जुन्या लुगड्यांची वाकळ ती. मामांनी पाहिलं. म्हणाले, "नवी हाय की गं." मी म्हणाले, "तिचीच हाय. दोघींना बरोबरच मिळालीय." मामांशी माझं हे पहिलं लांबलचक वाक्य. ते हसले. त्यांना खालचा एक दात नव्हता, हे मला वर्षभरानं कळलं.

त्या चार दिवसांत आम्ही किती बोललो! पदर कधी खांद्यावर आला ते मला कळलं नाही आणि त्यांनी ते पाहिलं नाही. ते सासूबाईंबद्दल बोलायचे, मी माहेरच्या ओढ्याबद्दल. एकदा सोमवारचं निघालं. आम्हा लिंगायतांच्या घरी सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. सोमवार बसवण्णाचा, जनावराच्या विसाव्याचा. मी सांगितलं, माझ्या अप्पांनी एका साली पेरणीचा ऐन वाफसा सोडून दिला, सोमवार होता म्हणून. भाऊबंदांनी पेरलं, अप्पा बैलांना धुवत बसले. मामा रंधा थांबवून ऐकत होते. म्हणाले, "बरोबर हाय. सहा दिवस आपण त्याच्या जिवावर खातो. एक दिवस तरी त्याच्या अंगाला दोर लागू ने."

हे वाक्य त्यांनी उच्चारलं. मी ऐकलं. आम्हा दोघांपैकी कुणालाच त्याची भीती वाटली नाही.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, तिकाटणं गोठ्यात उभं राहिलं. मी झोळी घेऊन शेवरीकडं निघाले तर मामा म्हणाले, "थांब. मुकं जनावर हाय. आधी मला उचला."

"अवं मामा..."

"उचला म्हन्लं ना!"

आणि धोतर आवरून ते झोळीत पालथे पडले. मी एका दांड्याला, खैरुनबी दुसऱ्या. रहाट कुरकुरला, नाडा ताणला आणि मामा हातपाय लोंबकळत वर निघाले. "अम्मा गं! चाचा उडाले!" खैरुनबी इतक्या हसल्या की त्यांचा दांडा सुटता सुटता राहिला. मामा वरूनच हुकूम सोडत होते, "खुंटी घाला! आधी खुंटी घाला, मग हसा! छातीला काचतंय हितं, पोरी, हितं अजून वाकळ लाव."

आम्ही वाकळ लावली. शेवरीला थोडी कलती करून झोळी खालून सरकवली आणि दांडे धरले. रहाट कुर्र कुर्र करत फिरला. तिची पाठ वर आली, पोट वर आलं, मागचे पाय थरथरत सरळ झाले, मग पुढचे. ती उभी राहिली. झोळीच्या आधारानं का होईना, चार पायांवर. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि एक लांब श्वास सोडला. मघाशी नाकातला वास म्हणाले ना, तोच हा.

मग सकाळ-संध्याकाळ तासभर तिला उभं करायचं, पाय चोळायचे, कोमट पाणी पाजायचं. मामांनी छपराचं जुनं गवत उपसून काढलं. मी ते बारीक कापून, त्यावर गुळाचं पाणी शिंपडून तिच्या तोंडाशी धरायची. तिसऱ्या दिवसापर्यंत तिला कळलं. रहाटाचा दांडा नुसता हलला, कुर्र वाजला, की ती आपणहून मागचे पाय पोटाखाली ओढून घ्यायची आणि मान पुढं ताणायची. मी आलेय, आता उठायचंय. अर्धा जोर तिचा, अर्धा आमचा. शनिवारी तर झोळी सैल पडली तरी ती दहा-पंधरा श्वास आपल्या बळावर उभी राहिली. मी मोजले.

रविवारी निरोप आला. गुरांच्या छावणीसाठी गावाचा अर्ज आता नव्या जिल्ह्याला, लातूरला द्यायचा होता. गावात लिहितं-वाचतं आणि रिकामं माणूस एकच, मामा. संध्याकाळी आम्ही शेवरीला उचललं, उभं केलं, खाली ठेवलं, आणि मामा गाडीला निघाले. कागदांची पिशवी ओट्यावरच राहिली. मी ती घेऊन वेशीपर्यंत पळत गेले.

वेशीवर बसवण्णाचं देऊळ आहे. आत दगडी नंदी, शेंदरासारखा लाल नाही, तेलानं काळा कुळकुळीत. एसटी तिथंच थांबते. मामांनी पिशवी घेतली. माझ्याकडं बघितलं, मग देवळाकडं बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात गाडी आली, धुरळा उडाला.

"पाणी कोमट दे तिला," एवढं म्हणून ते चढले.

आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

सकाळी अगदी पहिल्यांदा काय झालं ते आत्ता राहू दे. त्यानंतर खैरुनबी आल्या, हातांना थुंकी लावत, रोजच्यासारख्या. मी म्हणाले, "आज न्हाई उचलायचं. आज सोमवार हाय."

"मग?"

"आमच्यात सोमवारी जनावराला दोर लावत न्हाईत."

"अगं, ये क्या नांगर हाय का? उठवायचंच तर हाय."

"दोर तो दोरच."

"जनावराला क्या मालूम गं, सोमवार क्या अन् जुम्मा क्या?"

मी फटकन बोलले, "तुमच्यात नसंल. आमच्यात असतंय."

त्यांनी हात पदराला पुसले. जरा वेळ शेवरीकडं बघत राहिल्या. मग, "तुमचा वार, तुम्ही जाणा बाई," म्हणून गेल्या. त्या मला कधी 'बाई' म्हणत नसत.

तो दिवस फार सुंदर गेला. हे लिहायला हात धजत नाही, पण खरं तेच लिहायचं. मी सगळी कामं सोडून तिच्याजवळ बसले. गोचिड काढले, शिंगांना करडीचं तेल लावलं, कपाळाला विभूती लावली. तिच्या मानेला टेकून मी थोडी झोपलेसुद्धा. ओढाताण नाही, कुरकुर नाही, माणसांचा गलका नाही. ती डाव्या अंगावर शांत बसून होती. मला वाटलं, विसावा घेतेय. अप्पा बैलांना धुवायचे ते आठवलं. आपण किती चांगलं वागतोय, असं मला वाटत होतं.

मंगळवारी दुपारच्या गाडीनं मामा आले. लांबूनच बोलत आले, चेहरा उजळलेला. "साहेब बरा निघाला. आठ-पंधरा दिवसांत छावणी बसतीय म्हने, चारा यायलाय पोरी!" गोठ्याच्या दारात येऊन त्यांनी तिकाटण्याकडं बघितलं, शेवरीकडं बघितलं.

"आज सकाळी उचलली न्हाई?"

"एकटीनंच दांडा धरला होता. तिनं जोरच लावला न्हाई. म्हन्लं तुम्ही आल्यावर..."

"काल?"

"काल सोमवार होता, मामा."

पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ते उभे राहिले. मी वाट बघत होते की ते 'बरं केलंस' म्हणतील. त्यांनी पिशवी खाली ठेवली. म्हणाले, "खैरुनला बोलव."

आम्ही तिला उचललं. पाठ वर आली, पोट वर आलं. मागचा डावा पाय आला नाही. ज्याच्यावर ती दीड दिवस बसली होती, तो पाय पिळून वाळत घातलेल्या धडप्यासारखा नुसता लोंबत होता. मामांनी खाली बसून तो खुरापासून वर चाचपला. मी पण हात लावला. उन्हाळ्याच्या भर दुपारी तो पाय गार होता.

बसलेल्या जनावराचं वजन त्याच्याच पायावर येतं. एक दिवस जरी हललं नाही, तरी खालच्या पायातला जीव जातो. रोजचं उचलणं हे त्यासाठी असतं. हे गावातल्या कुठल्याही गड्याला माहीत होतं. मला नव्हतं. मला वाटायचं उठणं म्हणजे कष्ट, आणि बसणं म्हणजे विसावा.

तीन दिवस आम्ही तो पाय चोळला, शेकला. शुक्रवारी ऊन चढायच्या आत शेवरी गेली. खैरुनबी माझ्याशेजारी येऊन बसल्या. त्या सोमवारचं एक अक्षर बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढं जन्मभर नाही. मालक त्या महिन्यात आले तेव्हा म्हणाले, "जाऊ दे, दुसरी घेऊ." ते वाईट मनानं नाही म्हणाले.

छावणी पुढच्या आठवड्यात बसली.

तोवर मामांच्या त्या उचलणीची गोष्ट आसपास पसरली होती. बाया यायला लागल्या. आधी आमच्या गावातल्या, मग शेजारच्या वाड्यांवरच्या. मामा कुणाला नाही म्हणाले नाहीत. वासे, चाक, रहाट, झोळी सगळं गाडीत घालून ते घरोघर जायचे, बसवून द्यायचे, दांडे कसे धरायचे, खुंटी कधी घालायची ते शिकवायचे. माझ्या आईच्या वाकळीत त्या उन्हाळ्यात किती जनावरं उठली, मला माहीत नाही. आणि प्रत्येक घरी शेवटी मामा एक गोष्ट सांगायचे. मी झोळी सारखी करत तिथंच असायची.

"सोमवारी बी उचलायचं बरं का. खाडा करायचा न्हाई. पाप लागलं तर माझ्या नावावर."

लिंगायतांच्या घरी, मराठ्यांच्या घरी, कुठंही. मोठ्यानं सांगायचे. सांगताना माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात यायचं, मामा, तुम्हाला माहीत होतं. मग हे वाक्य तुम्ही सगळ्यांना सांगितलं, मला तेवढं का नाही?

विचारलं नाही. पदर पुन्हा डोक्यावर आला. पाऊस झाला, दुष्काळ सरला; झोळी विरून गेली, वाकळीची उरलेली पट्टी मामांनी चाकाच्या कण्याला गुंडाळून ठेवली. पोरं झाली. मालकांनी दुसरी गाय आणली, चांगली दुभती निघाली. मामा आणि मी एकमेकांशी नीट बोलायचो, मीठ, भाकर, पोरांची शाळा. कारखान्यात मात्र मी पाय ठेवला नाही.

मग पुष्कळ वर्षांनी मामांवरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. डॉक्टरांनी सांगितलं, एका कुशीवर ठेवू नका, दिवसातून चार वेळा उठवून बसवा, नाहीतर पाठीला जखमा होतील. मालक शेतात. मीच एक जाड पासोडी त्यांच्या पाठीखालून घालायची, दोन्ही टोकं धरायची आणि ओढून बसतं करायची. झोळीच ती. त्यांना कळत होतं, मला कळत होतं.

एके सकाळी मी पासोडी घेऊन गेले तर ते अडखळत म्हणाले, "आज... सोमवार हाय. राहू दे."

माझे हात जागीच थांबले. इतक्या वर्षांत आमच्या घरात 'सोमवार' आणि 'राहू दे' असे शेजारी-शेजारी आले नव्हते.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एकेक शब्द ढकलत बोलले. "वेशीत... सांगायचं होतं तुला. उद्या बी उचल म्हणून. तोंडात आलतं. म्होरं बसवण्णा बसलेला... त्याच्या देखत... जीभ वळली न्हाई. वाटलं, तू उचलशीलच."

मला वाटलं होतं, असं काही कुणी बोललं तर मी मोकळी होईन. तसं झालं नाही. मला राग आला. इतका, की पासोडीची टोकं मुठीत आवळली गेली. पाप नावावर घ्यायला हा माणूस घरोघर हिंडला, आणि माझ्या एकटीसमोर गप्प राहिला! मी रोज ह्यांच्या ताटात भाकरी वाढली. एका भाकरीबरोबर तरी सांगायचं होतं.

"उठा मामा," मी म्हणाले. "सोमवार असू दे."

आणि ओढून बसतं केलं. ते हलके झाले होते. कधीकाळी दोघी बायका रहाट फिरवत होतो तेव्हा किती जड लागले होते! त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. मी पण सोडवून घेतलं नाही. राग होता, तरी.

त्या पावसाळ्यात ते गेले. त्यांचं त्यांनी सांगून टाकलं होतं. माझं मात्र मी सांगितलं नाही. त्यांना नाही, मालकांना नाही, खैरुनबींना नाही. परवा सून चाक हातात घेऊन उभी राहिली तेव्हा कळलं की आता सांगायला ह्या कागदाशिवाय कुणी राहिलेलं नाही.

त्या सोमवारी पहाटे, खैरुनबी यायच्या आधी, मी शेण काढायला गोठ्यात गेले. अंधुक होतं. वळताना माझा हात रहाटाच्या दांड्याला लागला आणि तो कुर्र करून वाजला.

शेवरीनं मागचे पाय पोटाखाली ओढून घेतले. मान पुढं ताणली. पाठ जरा उचललीसुद्धा. ती तयार झाली होती. माझी वाट बघत होती.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच दाबून तिला खाली बसवलं. "बस गं," म्हणाले, "आज तुझा सोमवार हाय."

आणि ती बसली. मी सांगितलेलं ती सगळं ऐकायची.